सोळावर आणलेला आवाज

आमच्या घरात तीन पाट्या आहेत. शाळेतल्या पोरांच्या असतात तशाच, लाकडी चौकटीच्या. एक स्वयंपाकघरात खिळ्याला, एक पलंगाच्या उशाशी आणि एक गॅलरीतल्या खुर्चीवर. घरात लहान मूल कोणी नाही. पाट्या आमच्या ह्यांच्या आहेत, म्हणजे माझ्या यजमानांच्या. त्यांच्या घशातली आवाजाची पेटी डॉक्टरांनी काढली त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून ते लिहितात आणि मी वाचते. श्वास गळ्याच्या भोकातून घेतात. त्या भोकावर बांधायला मी मलमलचे रुमाल शिवते, पण मलमल तेच निवडून देतात. त्यात मला अक्कल नाही असं त्यांचं जुनं मत आहे.

रोग का झाला ते नागपुरात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. चाळीस वर्षं गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि जोडीला बिडी. मी बोलायची तेव्हा बोलून झालं. आता त्यावर बोलत नाही.

हे गांधीबागेत कापडाच्या एका ठोक दुकानात कामाला होते. सक्करदऱ्याहून सायकलनं जायचे, पुढं स्कूटर आली. त्यांचा कान असा की कापड फाडतानाचा आवाज ऐकून सूत कोणतं ते सांगत. मी एकदा परीक्षा घेतली होती. त्यांना पाठ करून बसवलं आणि घरातल्या चिंध्या एकेक फाडल्या. सगळ्या बरोबर ओळखल्या त्यांनी. मी विचारलं, "कसं जी समजते तुम्हाले?" तर म्हणाले, "सुताचा आवाज कोरडा असते वं. टेरिकॉट चिरकते. तुले नाही समजाचं, तू आपली कढी पाहाय, उतू जाऊन राहिली."

कढी खरंच उतू जात होती, आणि तीही त्यांनी पाठमोऱ्यानंच ऐकली होती.

आवाज फार चांगला होता त्यांचा. गाण्याचा नाही, वाचण्याचा. आमच्या भागात आंधळ्या मुलांचं एक वसतिगृह होतं. तिथल्या सरांनी यांना एकदा गणपतीत माइकवर सूचना देताना ऐकलं आणि विचारलं, आमच्या मुलांसाठी धडे वाचाल का. आधी कॅसेटी भरल्या. मग सरांनी एक छोटं यंत्र दिलं, मुठीत मावणारं, त्यात आवाज फाइलीत साठायचा. दर रविवारी दुपारी हे वाचायला बसत. आठवीचा भूगोल, नववीचा इतिहास, विज्ञान, सगळं. वाचायच्या आधी म्हणायचे, "कूलर बंद कर वं." मे महिना असो, बाहेर झाडाचं पान हलत नसो, कूलर बंद, पंखा बंद, कुकर लावायचा नाही, नळ सोडायचा नाही. मी दाराशी भिंतीला टेकून बसायची. घाम पाठीवरून उतरताना समजायचा. अर्धा तास झाला की हे हातानं खूण करीत आणि मी कूलर लावी. अशी सात वर्षं गेली. मी नववीतून निघालेली बाई, पण सातपुड्याच्या नद्या मला पाठ झाल्या.

त्या दोनशेच्या वर फाइली मुलीनं दिलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये होत्या. मुलगी पुण्यात असते. लॅपटॉप म्हातारा, आमच्यासारखा. बटणांचे नि चित्रांचे प्रोग्रॅम उघडले की त्याला धाप लागायची. पण त्यात एक काळी खिडकी होती, तिच्यात नुसती अक्षरं टाइप करायची आणि हुकूम द्यायचा, ती मात्र झटकन उघडे. मी फोनवर हिंदीतले व्हिडिओ बघून बघून ती शिकले. इंग्रजीचा अर्थ पुरता नाही लागत मला, पण अक्षर न अक्षर उतरवता येतं. माझ्या पाककृतींच्या वहीत एका पानावर सांडग्यांचं प्रमाण आहे आणि समोरच्या पानावर फाइलीचं नाव कसं बदलायचं त्याची ओळ. शेजारणी हसायच्या. मी म्हणायची, बटणं दाबायला डोळे लागतात, इथे हुकूम चालतो. घरात कधी चालला नाही, इथे तरी चालू द्या.

ऑपरेशननंतरचे दिवस वाईट होते. त्यांना गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. त्यातून भुंग्यासारखा आवाज यायचा. दोन दिवस लावलं आणि मग कपाटात ठेवून दिलं. पाटीवर लिहिलं, "भुंगा नोको." मग घर शांतच झालं. काही हवं असलं की ते स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचे. मला तो कधी ऐकू यायचा, कधी नाही. नाही आला की स्वतःच चालत यायचे आणि माझ्यासमोर पाटी धरायचे, "बहिरी झाली का?" मी म्हणायची, "तुम्ही मुके तं मी बहिरी, जोडा जमला."

दुपारी हे झोपले की मी त्या फाइली लावून ऐकायची. दारामागे बसून, आवाज कमी ठेवून. त्यांना आवडेल की नाही याची खात्री नव्हती म्हणून.

मग एक दिवस लॅपटॉपनं सांगितलं की जागा संपली. मुलीला नातीचे वाढदिवसाचे व्हिडिओ पाठवायचे होते, त्यांना जागा हवी होती. आणि मला वेगळीच धास्ती बसली होती. लॅपटॉप मधेच बंद पडायचा. तो एक दिवस उठलाच नाही तर ह्यांचा आवाज त्याच्याबरोबर जाईल. सगळ्या फाइली एखाद्या पेन ड्राइव्हमध्ये भराव्या तर माझ्याकडच्या पेन ड्राइव्हमध्ये त्यांतल्या दहासुद्धा मावत नव्हत्या. त्या फाइली कच्च्या होत्या. म्हणजे आवाज जसा आला तसा, काही न गाळता ठेवलेला. अर्ध्या तासाच्या एका धड्याला तीनशे एमबीच्या वर जागा.

व्हिडिओत समजलं की एन्कोडर नावाचा एक प्रोग्रॅम असतो. काळ्या खिडकीतून चालतो. त्याला कच्ची फाइल द्यायची आणि एक आकडा सांगायचा. दर सेकंदाच्या आवाजाला किती जागा द्यायची, तो हा आकडा. आकडा मोठा तर फाइल मोठी. आकडा लहान केला की एन्कोडर आवाजातला जो भाग माणसाला फारसा लागत नाही असं त्याला वाटतं, तो गाळून टाकतो. हे मला पटलं. पीठ चाळायचं, कोंडा टाकायचा.

मी एक धडा घेतला, भूगोलाचा. आधी आकडा दिला एकशे अठ्ठावीस. फाइल आली अठ्ठावीस एमबीची. हेडफोन लावून ऐकली. तेच आमचे हे. मग चौसष्ट दिला, चौदा एमबी. तरी तेच. भाजीत मीठ कमी करत जावं तशी मी उतरत गेले. बत्तीस. सोळा. सोळावर साडेतीन एमबी झाली. डोळे मिटून ऐकलं, पुन्हा पहिली कच्ची फाइल ऐकली, पुन्हा ही. मला तिळाएवढा फरक लागला नाही. त्या दिवशी मला काय अभिमान वाटला होता.

आम्ही बायका भात शिजला की नाही ते एक शीत दाबून बघतो. अख्खं पातेलं कोणी चिवडत नाही. मी तेच केलं. एक धडा दाबून पाहिला आणि पातेलं उतरवलं. सगळ्या फाइलींना एकाच ओळीत सोळाचा हुकूम दिला. सकाळी दहाला लावलं आणि चहाच्या वेळेला संपलं. दोनशेच्या वर धडे त्या पिटुकल्या पेन ड्राइव्हमध्ये बसले आणि वर जागा उरली. मग आमच्या घरची रीत, काम झालं की भांडं घासून ठेवायचं. कच्च्या फाइली पुसायचा हुकूम दिला. काळ्या खिडकीत कचरापेटी नसते. पुसलं ते पुसलं. मोकळ्या जागेत नातीचे व्हिडिओ भरले, आणि पेन ड्राइव्ह हळदीकुंकू लावून देवघरातल्या डबीत ठेवला.

त्याच संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. म्हटलं, "तुमचे सगळे धडे वाचवले मी. ऐका." फोनवर एक लावून दिला. त्यांनी मान खाली घालून मिनिटभर ऐकला. मग पाटी घेतली आणि लिहिलं, "छान." आणि गॅलरीत जाऊन बसले. मला वाटलं, स्वतःचा आवाज ऐकून जीव भरून आला असेल.

वर्ष गेलं. एका सकाळी मुलीचा फोन आला. तिच्या आवाजात मला कितीतरी दिवसांनी उभारी ऐकू आली.

"आई, बाबांचे वाचनाचे रेकॉर्डिंग आहेत न तुझ्यापाशी?"

"आहेत न वं. देवघरात आहेत."

"इथं एक कंपनी आहे. माणसाचा जुना आवाज दिला तर कॉम्प्युटर तसाच आवाज बनवून देते. बाबा फोनवर टाइप करतील आणि फोन त्यांच्याच आवाजात बोलेल. कोणतंही वाक्य. एक फाइल पाठव आधी, मी त्यांना दाखवतो."

पुण्यात राहूनही माझ्याशी बोलताना ती नागपूरच्या पोरींसारखं 'दाखवतो'च म्हणते. मी फाइल पाठवली. ह्यांना अजून सांगितलं नव्हतं. गॅसवर दूध ठेवलं होतं ते बंद केलं आणि देवाला नमस्कार केला. दहा मिनिटांत तिचा फोन पुन्हा आला.

"हे कोणी केलं?"

"मी केलं. साडेतीन एमबीत बसवलं."

"बरं. असली कुठी आहे?"

"हेच तं आहे."

"हे नाही आई. यंत्रातून जे निघालं होतं ते."

"पुसलं."

मी म्हटलं, "काहून? चांगलं तं ऐकू येते."

"आई, तुले खरंच समजून नाही राहिलं? बाबा पाण्यात बसून बोलून राहिले. सातपुडा म्हणतात तर त्यातला स नाहीच. च नाही, श नाही. नुसता घुमारा आहे. कंपनीवाले म्हणतात, यातून तर असाच आवाज बनेल."

"मले तं सातपुडा ऐकू आला."

"तुले पाठ आहे म्हणून आला," ती म्हणाली. "असली ठेव म्हणून मी सांगायला पाहिजे होतं. मीच व्हिडिओ पाठवले."

सीताबर्डीला लॅपटॉप दुरुस्तीचं एक दुकान आहे, तिथे ऑटोनं गेले. त्या माणसानं तासभर बघितलं आणि म्हणाला, "माँजी, नुसतं पुसलं असतं तं काढून दिलं असतं. तुम्ही त्यावर दुसरं लिहून टाकलं." तिथे तरी प्रती असतील म्हणून तिथून वसतिगृहात गेले. जुने सर राहिले नव्हते. नवीन बाई चांगल्या होत्या, त्यांनी कपाटं उघडून दाखवली. मुलं आता फोनकडूनच पुस्तकं वाचवून घेतात, कॅसेटी, जुन्या फाइली, सगळं केव्हाच मोडीत निघालं. परत येताना ऑटोत मला एकच गोष्ट दिसत होती. मे महिना, बंद कूलर आणि ते भूगोलाचं पुस्तक धरून बसलेले. सात वर्षं घाम काढला दोघांनी, आणि ते मी एका ओळीत पुसलं होतं.

घरी आल्यावर ह्यांना सांगणं भाग होतं. ते पलंगावर बसून रुमालाच्या घड्या करत होते. मी जवळ बसून सगळं सांगितलं. आधी कंपनीचं, मग पुसल्याचं. कंपनीचं ऐकताना त्यांचे हात थांबले होते. पुढचं ऐकल्यावर पुन्हा घड्या सुरू झाल्या. सगळे रुमाल संपले तेव्हा त्यांनी पाटी ओढली.

"तवाच समजलं होतं. सुताचं टेरिकॉट झालं."

"मंग बोलले काहून नाही?" मी म्हटलं. तोंडून निघालं आणि जीभ चावली. त्यांनी पुसून पुन्हा लिहिलं.

"मले वाटलं ताका घरात आहे. तू तुकडा दाखवून राहिली."

दुकानात गिऱ्हाइकाला तुकडा दाखवतात. तुकडा वाईट असला तरी ताका, म्हणजे अख्खं थान, आत फळीवर असतो. त्यांना वाटलं होतं, फळीवर आहे. मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग लिहिलं, "चहा ठेव."

मुलीनं हट्टानं त्याच फाइलींवरून आवाज बनवून घेतला. म्हणाली, काही नसण्यापेक्षा बरा. हिवाळ्यात तो ह्यांच्या फोनमध्ये आला. व्हिडिओ कॉलवर मुलगी, समोर मी, आणि हे एका बोटानं टाइप करताहेत. किती वेळ लावला. मग फोन बोलला.

"कूलर बंद कर वं."

डिसेंबर होता, कूलर माळ्यावर होता. मी काय सांगू तुम्हाला. तेच होते. तोच आवाज, तोच 'वं' जरासा ओढलेला. मी तोंडाला पदर लावला. मग फोनच्या पडद्यावर मुलीकडे बघितलं तर ती दुसरीकडे बघत होती. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, चांगलं आहे," पण ज्या सुरात म्हणाली तो सूर आमच्याच घरातला आहे, मला ओळखता येतो. नातीनं मागून विचारलं, "आजोबांना सर्दी झालीये का?" ह्यांनी फोन उलटा ठेवला.

तेव्हापासून मुलीचा फोन आला की ते त्या आवाजात बोलत नाहीत. पेल्यावर चमचा वाजवतात, एकदा म्हणजे ठीक, दोनदा म्हणजे ठेव आता. बाहेर कोणाकडे तो आवाज काढत नाहीत. दूधवाल्याला पाटी, बँकेत पाटी. फक्त माझ्याशी बोलतात त्यातून. मी एकदा विचारलं तर पाटीवर उत्तर आलं, "तुले त्यात मी ऐकू येतो. बाकीच्याइले कॉम्प्युटर."

हे असं चाललं असतं. पण मागच्या महिन्यात अंघोळ करताना त्यांच्या गळ्याच्या भोकात पाणी गेलं. श्वास कोंडला. फोन बाहेर, पाटी बाहेर. त्यांनी स्टीलचा गडू नळावर आपटला, पुन्हा पुन्हा आपटला. मी बारा पावलांवर कणीक मळत होते. मला काही ऐकू आलं नाही. खालच्या मजल्यावरची बाई धावत वर आली, तिनं मला बाजूला सारून न्हाणीचं दार ढकललं. ते वाचले. पण मी पिठाचे हात घेऊन उभी होते आणि ती मला विचारत होती, "काकू, तुमाले इतका आवाज नाही आला? खाली माझी भिंत वाजत होती."

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला हेडफोन लावून बसवलं आणि बारीक बारीक आवाज सोडले. ऐकू आला की बोट वर करा म्हणाल्या. मी शहाण्या मुलीसारखी वाट बघत बसले. बराच वेळ बोट वर झालं नाही. त्या म्हणाल्या, "आजी, तुमचे जाड आवाज ठीक आहेत. बारीक आवाज गेलेत, भांड्यांची किणकिण, बोलण्यातले स, श. बरीच वर्षं झाली असतील." म्हणजे त्या दिवशी मी सोळाचा आकडा लावून फरक शोधत होते, तेव्हा एन्कोडरनं जे गाळलं ते माझ्या कानांनी आधीच गाळून ठेवलेलं होतं. कानाचं यंत्र लावलं की बारीक आवाज पुष्कळसे परत येतील असं त्या म्हणाल्या. चमचा ऐकू येईल. गडू ऐकू येईल.

"आणि फोनमधला आवाज?" मी विचारलं.

"तोही आहे तसा ऐकू येईल," त्या म्हणाल्या.

मी दोन वेळा तारीख पुढे ढकलली. एकदा पाहुणे आहेत म्हटलं, एकदा पाय दुखतो म्हटलं. तिसऱ्यांदा ह्यांनी मधे पाटी आणली. "काहून टाळून राहिली?" मी सांगितलं नाही. पण पन्नास वर्षं झाली लग्नाला, काय सांगायचं उरतं. त्यांनी पाटी पुसली, रुमालानंच पुसली, एरवी मी तसं पुसलं तर रागावतात.

"यंत्र लाव. मले ऐकणारी पायजे. आवाज काय, टेरिकॉट आहे."

सोमवारी जायचं आहे. आज शुक्रवार. त्यामुळे मी दोन दिवसांपासून त्यांना काही ना काही बोलायला लावते. बाजाराची यादी फोनकडून वाचवून घेते. पेपर वाचा म्हणते, त्यांना सगळं टाइप करावं लागतं, कंटाळतात, पण करतात. आज दुपारी मी दार लावून घेतलं, पंखा बंद केला आणि भिंतीला टेकून बसले. म्हटलं, भूगोल म्हणा. ते बघत राहिले माझ्याकडे. मग चष्मा लावला, बोटानं एकेक अक्षर शोधलं, आणि फोन बोलला, "सातपुडा पर्वताच्या रांगा पूर्व-पश्चिम पसरल्या आहेत."

त्यातला स मला स्वच्छ ऐकू आला.